ओल कुणासाठी थांबत नाही

‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?’ हा प्रश्न प्रदर्शनात हमखास येतो. विचारणाऱ्याला निसर्ग, बालपण, प्रवास असं काहीतरी ऐकायचं असतं. आम्हा सिरॅमिक्सवाल्यांचं खरं उत्तर जरा रूक्ष आहे: प्रेरणेची वाट पाहायला माती सवडच देत नाही.

चाकावरून उतरवलेला वाडगा लगेच हाताळता येत नाही. तो ताठ झाला आहे, पण बोटाला अजून गार लागतो आहे, अशा बेताला उलटा ठेवून त्याचा तळ तासायचा असतो. त्या वेळी हत्याराखालून मातीची लांब, सलग साल निघते. उशीर झाला की नुसता भुगा पडतो, आणि कपाला कान जोडावा तर वाळताना सांध्यावर चीर जाते. पुण्याच्या एप्रिलात ही वेळ बघता बघता निघून जाते. जुलैत कोकणात तीच माती वाळता वाळत नाही. म्हणजे स्टुडिओचं वेळापत्रक ठरवते ती हवा, आमची मनःस्थिती नव्हे. मूड असो-नसो, तासायला बसावं लागतं. आणि पाच-सहा वाडगे हातावेगळे झाले की पुढच्या खेपेला तळाची कडा जरा उंच ठेवावी, हे आपसूक सुचतं.

त्यात फळ फार उशिरा मिळतं. वाळवणं, साधारण १००० अंश सेल्सिअसची पहिली भाजणी, ग्लेझ, मग स्टोनवेअर असेल तर १२०० अंशांच्या वरची दुसरी भाजणी आणि शेवटी भट्टी निवण्याची वाट. यात आठवडे जातात, आणि रंग मनासारखा येईलच याची खात्री नसते. निव्वळ निकालासाठी काम करणारा इथे फार काळ टिकत नाही. मधल्या, कुणाला न दिसणाऱ्या कामांत रस वाटला तरच निभाव लागतो.

ल्यूसी री यांचं उदाहरण इथे बोलकं आहे. व्हिएन्नात नाव कमावलेल्या या ज्यू कलावतीला १९३८ साली परागंदा होऊन लंडन गाठावं लागलं. युद्धकाळात पोटासाठी त्यांनी फॅशनच्या दुनियेला चिनी मातीची बटणं पुरवली. कापडाशी जुळणारा रंग हवा म्हणून ग्लेझचे प्रयोग अखंड चालत. १९४६ मध्ये मदतीला आलेला हान्स कोपर हा निर्वासित तरुण या कलेत अगदी नवखा होता. पुढे तो विसाव्या शतकातल्या थोर सिरॅमिक कलावंतांत गणला गेला. बटणांचं काम कलेच्या आड आलं नाही. रंगांची जाण आणि एक मोलाचा सहकारी री यांना त्याच टेबलाशी मिळाला.

यावर कुणी म्हणेल, मग कारखान्यातला कामगारही रोज हेच करतो, तो कलावंत का नाही? आक्षेप रास्त आहे. नुसत्या सरावानं हात सफाईदार होतो, नजर तयार होतेच असं नाही. म्हणून आमच्याकडे ओलं भांडं तारेनं उभं कापून पाहण्याची रीत आहे. बाहेरून डौलदार दिसणाऱ्या भांड्याची भिंत तळाशी किती जाड राहिली, हे कापल्यावर उघडं पडतं. चांगलं जमलेलं भांडं असं कापायची तयारी असेल, तरच सराव माणसाला पुढे नेतो. प्रेरणा म्हणायचंच तर मी या कुतूहलाला म्हणेन.

हल्ली शहरांत शनिवार-रविवारच्या पॉटरी कार्यशाळांना गर्दी असते, ही आनंदाचीच गोष्ट. पण तिथे बहुतेक जण तासभर चाकाची मजा घेऊन जातात. तासणं, ग्लेझ, भाजणी स्टुडिओतली माणसं उरकतात आणि तयार वाडगा घरपोच होतो. ज्यांना खरोखर शिकायचं आहे त्यांना एवढंच सांगणं आहे: दुसऱ्या दिवशी परत या, आणि आपल्या वाडग्याचा तळ आपणच तासा.