सायकलीवरून उतरणें

शास्त्रपाठ : मार्क २:१-१२

चौघांनीं पक्षघाती मनुष्याला खाटेसह प्रभूपाशीं आणिलें. दाटीमुळें वाट मिळेना, तेव्हां त्यांनीं छप्पर उघडिलें. खाट रिकामी असती, तर त्यांचे श्रम व्यर्थ होते.

१९८५ सालच्या अखेरीस बाबा आमटे ‘भारत जोडो’ यात्रेकरितां कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. शंभरांवर तरुण-तरुणी सायकलींवर होते. मणक्याच्या व्याधीमुळें बसूं न शकणारे, सत्तरी उलटलेले बाबा गाडींत पडून त्यांच्यासंगें होते. येथें खाटेवरचा मनुष्यच इतरांस वाट दाखवीत होता. कारण आनंदवनांत कुष्ठरोग्यांशेजारीं तो आधींच बसला होता.

आपल्या पनवेलीहूनही आप्तमित्रांसह बोरघाट चढून, दानार्थ निधि जमवीत, सायकलस्वार दूरवर जाऊं शकतात. तें स्तुत्यच. परंतु जवळच नेरें येथें शांतिवन आहे. तेथें कुष्ठरोग्यांची सेवा होते. हा रोग औषधानें पूर्ण बरा होतो. आपलें भय मात्र बरें होत नाहीं. मीं वर्गणी पाठविली, पण कित्येक वर्षें त्या वाटेस पाय वळविला नाहीं. हें माझें पाप मी तुम्हांपुढें कबूल करितों.

म्हणून तेथील मंडळींची अनुमति घेऊन, मुलेंबाळें व शेजारी यांसह आपण सायकली काढूं. दारीं पोंचतांच उतरूं, त्यांच्याजवळ बसूं, त्यांच्या हातचें पाणी पिऊं. दूरचा प्रवास त्यानंतर. प्रभु आपले पाय वळवो. आमेन.