खुर्ची शोधणारा माणूस

फ्रेडरिक लुगार्ड १८५८ मध्ये मद्रासच्या किल्ल्यात जन्मला. वडील तिथे लष्कराचे पाद्री. तरुणपणी त्याने अफगाणिस्तान, सुदान आणि ब्रह्मदेशातल्या मोहिमा पाहिल्या. मग प्रेमभंग झाला आणि तो आफ्रिकेत न्यासा सरोवराकाठी गुलामांच्या व्यापाऱ्यांशी लढायला गेला. दुःखातून उठलेला माणूस मोठे काम शोधतो. साम्राज्याकडे अशा माणसांसाठी कामाची कधी टंचाई नसते.

१८९० मध्ये तो कंपालाच्या टेकडीवर होता, सोबत जुनी झिजलेली मॅक्सिम तोफ. १९०० मध्ये उत्तर नायजेरिया त्याच्या हाती आला. मुलूख अफाट, गोरे अधिकारी मूठभर, तिजोरीत खडखडाट. १९०३ मध्ये कानो आणि सोकोतो पडले. त्याने नवा सुलतान गादीवर बसवला. अमीर, काझी, करवसुली सारे जागच्या जागी ठेवले आणि शेजारी एक ब्रिटिश रेसिडेंट नेमला. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याच्या गादीशेजारीही असाच एक रेसिडेंट बसला होता. १८४८ मध्ये ती गादीच खालसा झाली.

दुसऱ्याच्या हाताने राज्य करणे ही आधी काटकसर होती. नाइलाज यशस्वी झाला की त्याला धोरण म्हणतात, आणि धोरण निवृत्त झाले की ग्रंथ लिहिते. लुगार्डचा ‘द ड्युअल मँडेट’ १९२२ मध्ये आला आणि वसाहतीच्या अधिकाऱ्यांची पोथी झाला.

लाखो माणसे अमिरांवर सोपवणाऱ्या लुगार्डला हाताखालच्या अधिकाऱ्यावर कारभार सोपवणे मात्र जमत नसे. रजेवर लंडनला गेला तरी अधिकार सोबत नेण्याचा त्याचा आग्रह असे. जवळच्यावर विश्वास टाकायला स्वतःचे काही सोडावे लागते. ज्याच्यावर तोफ रोखलेली आहे, त्याच्यावर विश्वास टाकायला काहीच लागत नाही.

१ जानेवारी १९१४ रोजी त्याने उत्तर आणि दक्षिण नायजेरिया एक केले. उत्तरेचा खर्च भागत नव्हता आणि दक्षिणेच्या बंदरांत जकात साचत होती. हिशेब जुळला. माणसे जुळतील का, हे हिशेबवही विचारत नाही.

आग्नेयेकडे मात्र त्याच्या पद्धतीची पंचाईत झाली. तिथल्या बहुतेक इग्बो गावांना राजा नव्हता. गावसभा होती, समवयस्कांचे गट होते, बायकांच्या वेगळ्या बैठका होत्या. बोलून बोलून निर्णय होत. ज्याची नजर खुर्ची शोधते, त्याला खुर्चीवाचून चाललेला कारभार अराजक वाटतो. तिथे सनद देऊन प्रमुख नेमण्याची चाल लुगार्डच्या आधीची. त्याने तिला बळ दिले. परंपरा सापडली नाही तेव्हा ती नेमण्यात आली. नेमलेल्या प्रमुखाचे पाय गावच्या जमिनीवर नसतात, म्हणून तो हात जास्त चालवतो.

१९२९ मध्ये तिथे बायकांची आणि गुराढोरांची मोजदाद सुरू झाली आणि आता बायकांवरही कर बसणार अशी बातमी पसरली. पामतेलाचे भाव आधीच पडले होते. हजारो बायका निघाल्या. प्रमुखांच्या घरांना वेढा घालून बसल्या, त्यांची टर उडवणारी गाणी म्हणाल्या, अधिकाराच्या टोप्या उतरवून मागितल्या. सरकारला जिथे कोणतीच संघटना दिसली नव्हती, तिथून ही शिस्त आली. उत्तर गोळ्यांनी दिले गेले. पन्नासहून अधिक बायका मेल्या. पुढे काही वर्षांत सनदी प्रमुखांची पद्धत मोडीत निघाली.

लुगार्ड तोवर लॉर्ड झाला होता आणि राष्ट्रसंघाच्या मँडेट आयोगावर बसून मँडेटखालच्या मुलखांचा कारभार तपासत होता. १९४५ मध्ये तो वारला.

तो लुटारू नव्हता. कष्टाळू होता, गुलामगिरीचा त्याला मनापासून तिटकारा होता, आपण आफ्रिकेच्या रीतीभाती राखतो आहोत अशी त्याची श्रद्धा होती. त्यातल्या ज्या रीती त्याच्या ओळखीच्या घडणीच्या होत्या, तेवढ्याच त्याने राखल्या. दुसऱ्याचा मान ठेवणे सोपे असते, तो दुसरा आपल्यासारखा असेपर्यंत. लबाडाची चूक लबाडाबरोबर जाते, कारण तिच्यावर कोणाचा विश्वास नसतो. प्रामाणिक माणसाची चूक पद्धत होते आणि पुढच्यांना नेमणुकीच्या कागदासोबत मिळते.