पाहुणा कोणाच्या दारातला?

बोर्निओतल्या इबान लोकांचं गाव घरांवर नाही, दारांवर मोजतात. नदीकाठी खांबांवर उभं असलेलं एकच लांबलचक घर, तेच गाव. आपली चाळ आठवा: मागे ओळीने बिऱ्हाडं, पुढे सलग गॅलरी. बिऱ्हाडाला बिलिक म्हणतात, गॅलरीला रुआइ. परक्याला रुआइ सार्वजनिक वाटते, पण प्रत्येक बिलिकसमोरचा तुकडा त्या त्या कुटुंबाचा असतो. तिथल्या फळ्या त्यांनीच बदलायच्या, मात्र मध्ये भिंत घालायची नाही.

इबान ज्यांत मोडतात त्या दायाकांच्या, पाहुणे घरी ठेवण्याच्या होमस्टे-धंद्याची गोम या न घातलेल्या भिंतीत आहे, असं मला वाटतं.

दायाक ही एक जमात नव्हे. इबान, बिदायुह अशा अनेकांना मिळून हे नाव आहे. मलेशियात सरकारी होमस्टे योजना १९९५ साली आली. बोर्निओतल्या सारावाक या मलेशियाच्या राज्यात स्क्रांग नदीवर पर्यटकांच्या होड्या त्याच्या कितीतरी आधीपासून लागत होत्या. आता मागोमाग अभ्यासकही येतात, प्रश्नावली घेऊन: नवं काय केलंत? नफा वाढला का? एक ते पाचपैकी एका आकड्याभोवती गोल करा.

नवं पुष्कळ केलंय. मानोक पानसोह घ्या. कोंबडीचे तुकडे, आलं, गवती चहा हिरव्या बांबूच्या नळीत भरायचं, तोंडाशी टॅपिओकाच्या पाल्याचा बोळा कोंबायचा आणि नळी विस्तवावर तिरकी टेकवून ठेवायची. हा घरचाच स्वयंपाक. आता पाहुण्यालाच बोळा कोंबायला बसवतात आणि त्याचे पैसे घेतात. घरची बाई तीच, बांबू तोच. अर्थशास्त्रज्ञ शुंपेटरने १९११ साली उद्योजकाचं काम सांगितलं ते हेच, असलेल्याच गोष्टींची नवी जुळणी. पुआ कुंबू या कापडाचं मात्र इतकं सोपं नाही. सूत आधी गाठी बांधून रंगवायचं, तांबड्यासाठी आपल्याकडच्या आल या झाडाच्या जातीतल्या झाडाची मुळं, मग कमरेला ताणलेल्या मागावर विणायचं. महिने जातात. रंग पक्का बसवण्याच्या विधीला इबान लोक ‘बायकांचं युद्ध’ म्हणत. त्याच विणीचा हातभर स्कार्फ विकायला ठेवला की तो लवकर खपतो. याला नवकल्पना म्हणायचं की तडजोड? मी तरी विणणारीला विचारल्याशिवाय ठरवणार नाही.

प्रश्नावलीत न बसणारी गोष्ट पुढेच आहे. पाहुणा चटईवर बसतो तो एका कुटुंबाच्या तुकड्यावर, पण नाच बघतो तो सगळ्या रुआइवरचा. तुआक, म्हणजे घरची तांदळाची दारू, शेजारचीही पितो. मग पैसे कोणाचे? पाळी कशी लावायची, होडी कोणाची न्यायची, मुखियाच्या घरीच सगळे का उतरतात, हे सोडवणं हीच खरी नवनिर्मिती. ती रात्री रुआइवर भांडून होते. तिला मालक नसतो, म्हणून अभ्यासकांच्या तक्त्यात रकानाही नसतो.

यावरून लांबघर म्हणजे गोड सामुदायिक जीवन, असा भाबडा अर्थ कोणी काढू नये. डेरेक फ्रीमन हे मानववंशशास्त्रज्ञ १९४९ ते १९५१ या काळात बालेह नदीच्या भागातल्या इबानांत राहिले आणि त्यांनी हा गैरसमज खोडून काढला. प्रत्येक बिलिकचं शेत वेगळं, भात वेगळं, बियाणंही वेगळं. एकत्र राहायचं, पण हिशेब आपापला. होमस्टे या जुन्या हिशेबात अडकतो, आणि निभावतो तोही त्याच्याच जोरावर.

मार्च २०२० मध्ये मलेशियात टाळेबंदी लागली आणि पाहुणे थांबले. कामगिरीच्या तक्त्यात त्या महिन्यांपुढे शून्य येतं. खोल्या वाढवायला ज्यांनी कर्ज काढलं असेल, त्यांना हे शून्य चांगलंच झोंबलं असणार. ज्यांनी डोंगरातलं भाताचं शेत सोडलं नव्हतं, त्यांच्या बिलिकच्या माळ्यावर झाडाच्या सालीची कणगी होती, आणि कणगीत भात.