प्रवेश घेतलास, आता एक मूल शोध

चि. धाकटीस,


विशेष शिक्षणाच्या बी.एड.ला प्रवेश मिळाला, बऱ्याचशा तासिका ऑनलाइन आहेत आणि पहिल्याच आठवड्यात पीडीएफचा ढीग पाहून तुला धडकी भरली आहे, असं तुझ्या आईनं सांगितलं. सुरुवात कुठून करू, असं तू तिला विचारलंस म्हणे. फोनवर बोलता आलं असतं, पण बोललेलं विरून जातं, म्हणून लिहिते.

आधी एक रुक्ष काम उरक. भारतीय पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर जा आणि तुझं विद्यापीठ, तुझा अभ्यासक्रम, तुझं विशेषीकरण आणि तुझं शैक्षणिक वर्ष, या चारही गोष्टींना मान्यता आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. कार्यालयातल्या माणसाच्या शब्दावर थांबू नकोस. या परिषदेच्या १९९२च्या कायद्याप्रमाणे पदवीनंतर केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागलं, तरच तुला विशेष शिक्षक म्हणून काम करता येतं. नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. हल्ली घरबसल्या पंधरवड्यात प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती पुष्कळ येतात. त्यातून माहिती मिळत असेल, पण नोंदणी मिळत नाही, आणि पालकांना हा फरक माहीत नसतो. तुला तो माहीत असायला हवा.

आता खरं सांगायचं ते. या अभ्यासात सगळं पडद्यावर येईल, फक्त मूल येणार नाही. सरावपाठ लागतील, शाळेत जावं लागेल, हे खरं. पण ते नंतर. तोवर पुस्तकातल्या व्याख्या पाठ होतात आणि मग समोर आलेलं मूल त्या व्याख्येत बसवायची सवय लागते. ती लागू द्यायची नसेल, तर पहिल्याच महिन्यात एक मूल शोध. तुझ्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणारे विशेष शिक्षक असतात. त्यांना भेट. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या घरी ते जातात, तेव्हा मला बरोबर न्या म्हण. जवळ विशेष शाळा असेल तर मुख्याध्यापकांना पत्र दे. पालकांची परवानगी घे आणि आठवड्यातला एक ठरलेला वार त्या मुलासाठी राखून ठेव. सुरुवातीला शिकवायचं नाही. बसायचं, बघायचं आणि घरी येऊन लिहायचं.

लिहायचं कसं, ते मात्र नीट सांगते, कारण इथेच शिक्षक घडतो किंवा बिघडतो. ‘मुलगा हट्टी आहे, लक्ष देत नाही’ असं लिहिलंस तर तू काहीच पाहिलं नाहीस. असं लिही: ‘अकरा वाजता बाईंनी वही काढायला सांगितलं. तो खिडकीकडे बघत होता. पुन्हा सांगितल्यावर त्यानं वही ढकलली, वही खाली पडली. बाईंनी ती उचलून कपाटात ठेवली आणि दुसऱ्या मुलाकडे वळल्या. पुढची दहा मिनिटं तो शांत बसला.’ आता हे चार वेळा वाच. आधी काय घडलं, मग त्यानं काय केलं, त्यानंतर काय झालं? वही ढकलली आणि लिहिणं टळलं. म्हणजे त्या ढकलण्यानं त्याचं काम झालं. बोलून सांगता येत नाही असं मूल हातानं सांगतं. पूर्वघटना, वर्तन आणि परिणाम असं एक प्रकरण तुझ्या अभ्यासात येईलच. ते येईल तेव्हा तुझ्या वहीत त्याची पंधरा उदाहरणं आधीच असू देत.

आणखी एक शक्यता कायम डोक्यात ठेव. दोनदा सांगूनही त्यानं ऐकलं नाही, ते कदाचित ऐकूच आलं नसेल. फळ्याकडे बघत नाही, ते कदाचित दिसतच नसेल. बौद्धिक अक्षमतेचा शिक्का बसलेल्या मुलाचे कान आणि डोळे तपासायचे राहून गेलेत, असं मी नोकरीभर पाहत आले. अशा वेळी आमची सगळी तंत्रं वाया जातात. म्हणून कुठल्याही आराखड्याआधी विचार: श्रवणचाचणी झाली का, डोळे कधी तपासले, फिट येते का, औषध कोणतं चालू आहे? हे निदान करणं तुझं काम नाही. विचारणं आणि योग्य माणसाकडे पाठवणं मात्र तुझंच.

पहिल्या सत्रात कार्यविश्लेषण शिकवतील. ते वाचण्याआधी एक कर: शर्टाचं बटण लावायच्या पायऱ्या कागदावर लिहून काढ. काजाची कड डाव्या चिमटीत धरणं, बटण उजव्या चिमटीत आडवं करणं, त्याची कड काजात घालणं, पलीकडून अंगठ्यानं पकडणं, ओढणं. मोजत जाशील तशा पायऱ्या वाढतात, आणि आपण किती गोष्टी न कळत करतो ते लक्षात येतं. मग त्या मुलाला शिकवताना शेवटच्या पायरीपासून सुरू कर. आधीचं सगळं तू करून दे, फक्त शेवटचं ओढणं त्याचं. बटण लागतं, लावणारा तो असतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. पुढच्या आठवड्यात शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या. पहिल्या पायरीपासून सुरू केलंस तर रोज अर्ध्यावर हरून उठतो बिचारा. मदतही अशीच मोजून द्यायची: आधी हाताला हात धरून, मग नुसता स्पर्श, मग खूण, मग शब्द, आणि शेवटी गप्प. ही शेवटची पायरी शिक्षकाला सर्वांत जड जाते. मूल थबकलं की आपला हात पुढे होतोच. तो आवरायला शीक. मनातल्या मनात दहा मोज. आपली घाई त्याला परावलंबी करते.

आमच्या विशेष शाळांतून ‘मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिम’ नावाची पडताळासूची वापरतात. १८ क्षेत्रं, प्रत्येकात २० कृती, अशा ३६० नोंदी, सोप्याकडून अवघडाकडे. प्रत्येक कृतीपुढे मूल ती करतं की नाही एवढंच भरायचं. तिचा मला आवडणारा गुण असा, की मुलाला काय येत नाही याची रडगाणी न गाता, आज ते कुठे उभं आहे आणि पुढचं पाऊल कोणतं, हे ती दाखवते. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा याच पायावर उभा राहतो. ‘भाषाविकास साधणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘तीन महिन्यांत, पाणी हवं असेल तेव्हा पेल्याच्या चित्राकडे बोट दाखवेल, पाचपैकी चार वेळा’ हे उद्दिष्ट. तपासता येईल ते लिही.

यावरून आठवलं. झेरॉक्सच्या दुकानात तयार फाईल मिळतात, प्रात्यक्षिकाच्या, आराखड्याच्या, पाठांच्या. नाव बदलायचं आणि जमा करायची. धाकटे, एकही घेऊ नकोस. इतिहासाची टिपणं कुणाची उतरवलीस तर नुकसान तुझं एकटीचं. पण न पाहिलेल्या मुलाचा आराखडा लिहायची सवय घेऊन तू वर्गात गेलीस, तर ते नुकसान बोलू न शकणाऱ्या मुलांचं होतं, आणि ती तक्रारही करू शकत नाहीत. याबाबत मला कोणतीही सबब पटत नाही.

व्हिडिओचंही तसंच. स्वाध्यायासाठी चित्रीकरण मागतील. पालकांची लेखी संमती घे, विद्यापीठाला पाठव आणि मोबाइलमधून काढून टाक. कौतुकानंसुद्धा घरच्या ग्रुपवर टाकायचं नाही. वहीत मुलाचं नाव नको, आद्याक्षर पुरे.

बाकी अभ्यासाचं तू जाणतेस. व्याख्यानं वायफाय मिळेल तिथे उतरवून ठेव, वीज गेली तरी अडणार नाही. एखादी सोबतीण गाठ. विशेषीकरण अजून बदलता येत असेल, तर गावात कोणती मुलं आहेत आणि रोज जाता येईल अशी सरावशाळा कुठली आहे, ते बघून ठरव.

इतिहासाचा पेपर कंटाळवाणा म्हणून सोडू नकोस. सन १८००च्या सुमारास फ्रान्समध्ये अ‍ॅव्हेरॉनच्या रानात सापडलेल्या मुलाला इटार्ड नावाच्या तरुण डॉक्टरानं काही वर्षं शिकवलं. मुलगा बोलायला शिकला नाही. पण इटार्डच्या पद्धती सेगँनं पुढे नेल्या, त्या दोघांचं लिखाण माँटेसरीबाईंनी अभ्यासलं, आणि गिजुभाई-ताराबाई मोडकांमुळे ते शिक्षण आपल्या बालवाड्यांत पोचलं. तू आज तुझ्या बालवाडीत खाचांत बसवायचे लाकडी ठोकळे मुलांच्या हाती देतेस, त्यांचं मूळ या मुलांच्या शिक्षणात आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ची, पुण्याची कामायनी १९६४ची. त्या काळी पालक मुलाला घराबाहेर काढत नसत. तेव्हा दार उघडून बसलेल्या माणसांचं काम तू पुढे नेते आहेस.

कायदा मात्र पाठ कर. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. आधीच्या १९९५च्या कायद्यात ७ होते. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता २०१६च्या यादीत आल्या. या नव्या कायद्याचं ३१वं कलम सांगतं की ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. ‘आमच्याकडे सोय नाही’ असं सांगून आईला परत पाठवतात, तेव्हा तिच्या शेजारी बसून हे कलम दाखवणारं कुणीतरी लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. गावोगावच्या शाळा बघ आणि अजून किती माणसं लागणार आहेत याचा अंदाज घे.

त्या आयांबद्दल एकच. पहिल्या भेटीत सल्ला देऊ नकोस. ‘त्याला काय काय येतं?’ हा प्रश्न विचार. तिला आजवर सगळ्यांनी काय येत नाही तेवढंच विचारलेलं असतं. ती सांगेल ते लिहून घे. आराखड्याचं पहिलं पान तेच. आणि तो बरा होईल का असं तिनं विचारलं, तर खोटी आशा लावू नकोस. पुढच्या तीन महिन्यांत काय शिकवायचा प्रयत्न करणार आहोत, ते सांग.

पडताळासूचीची माझ्याकडची प्रत आणि चित्रांची पेटी एसटी पार्सलनं शनिवारी पाठवते, स्टँडवरून उतरवून घे. चित्रांना प्लॅस्टिक लावलेलं आहे, मुलांनी तोंडात घातली तरी पुसून घेता येतात. पहिल्या चार भेटींच्या नोंदी झाल्या की आहेत तशा मला पाठव, सुवाच्य करत बसू नकोस.

तुझी,
मावशी