मैफलीआधीचं मागणं

देवा, नादाच्या नाथा, तंबोरे जुळले आहेत. राग ठरला आहे, बंदिश पाठ आहे, ठेक्याची लय तबल्याशी बोलून झाली आहे. यापुढचं काहीच ठरलेलं नाही. त्या न ठरलेल्यासाठी तुझ्यापुढे हात जोडते.

बंदिशीच्या चार ओळी तू आमच्या हाती दिल्यास आणि पुढचा तासभर मोकळा ठेवलास, हे तुझे मोठे उपकार. ही मोकळीक तू आम्हा ख्याल गाणाऱ्यांपुरती राखली नाहीस. कर्नाटक संगीतात निरवल करणारा गायक साहित्याची एकच ओळ तालातल्या तिच्या जागेवर ठेवून नव्या नव्या सुरांत मांडतो. कल्पनास्वरांत त्याने सरगम गुंफली की व्हायोलिन तिथल्या तिथे उत्तर देतं. इराणचा वादक गुरुमुखातून आलेला रदीफ वर्षानुवर्षं पाठ करतो, तेव्हा कुठे त्याला स्वतःचं काही सुचू लागतं. कैरोत उम्म कुल्सूम एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची, दर वेळी निराळी, आणि श्रोत्यांच्या दादेबरोबर गाणं वाढत जायचं. एवढ्या भाषांतून तू एकच गोष्ट शिकवलीस: आधी भरपूर साठव, मग ऐक, मग सोडून दे. मला या तिन्हींचं बळ दे.

१७४७ साली पोट्सडॅमच्या राजवाड्यात फ्रेडरिक राजाने पुढे ठेवलेल्या स्वरावलीवर बाखने उभ्या उभ्या तीन आवाजांचा फ्यूग वाजवला. त्याच स्वरावलीवरचा सहा आवाजांचा फ्यूग मात्र त्याने लाइपझिगला परतल्यावर लिहून काढला. आत्ता काय पेलेल आणि कशाला घरी बसून घासावं लागेल, हे ओळखण्याचा त्याचा विवेक मला दे.

१९६० साली बर्लिनमध्ये ‘मॅक द नाइफ’ गाताना एला फिट्झजेराल्ड शब्द विसरली. ती थांबली नाही. सुचतील ते शब्द तालात बसवत, मध्येच लुई आर्मस्ट्राँगची ढब घेत तिने गाणं पार नेलं, आणि लोक तेच गाणं आजही आनंदाने ऐकतात. अंतरा ओठांवरून निसटला, तर मला तिचा धीर दे, तिचा आनंदही दे.

१९७५च्या जानेवारीत कोलोनच्या ऑपेरागृहात कीथ जॅरेटच्या वाट्याला वरच्या सुरांत पातळ वाजणारा, पेडल नीट न चालणारा छोटा पियानो आला. त्याने मधल्या सप्तकात मुक्काम केला आणि काहीही आधी न ठरवता तासाभराहून जास्त वाजवलं. माझा आवाज बसलेला असेल त्या दिवशी तार षड्जाचा हट्ट माझ्याकडून सोडव. जेवढा आवाज उरला असेल, तेवढ्यात राग शोधायला लाव.

देवा, घरी घोटून ठेवलेली तान आत्ता सुचल्यासारखी गाण्याच्या मोहापासून मला वाचव. टाळीसाठी तिहायांची रांग लावण्यापासून वाचव. काल रंगलेली जागा आज पुन्हा शोधत बसले, तर माझा हात धरून मला आजच्या सुराकडे आण. संवादिनीवाल्याने अचानक एखादा गोड स्वर दाखवला, तर तो उचलण्याइतकं मन मोठं ठेव. तबलजीने लग्गी लावली, तर त्याला मनमोकळं वाजवू द्यायचं भान दे. समोर बसलेल्यांपैकी कुणी पहिल्यांदाच ख्याल ऐकायला आलं असेल. समेची वाट पाहण्यातलं सुख त्यालाही लाभू दे.

आणि मागे तंबोऱ्यावर बसलेल्या माझ्या शिष्यांसाठी मागते. मी दम घेताना त्यांच्यापैकी कुणी आवाज लावला, तर हात करून त्याला थांबवायची बुद्धी मला होऊ देऊ नकोस. त्यांची सम चुकली तरी चालेल, एखादा सूर हलला तरी चालेल. फक्त त्यांना माझी नक्कल होऊ देऊ नकोस. पलटे, बंदिशी, रागाची शिस्त हे सगळं त्यांना माझ्याकडून मिळो. उपज त्यांना तू दे.