पोस्टकार्ड आणि कारभारी

थोर उद्योगपतींपासून प्रेरणा घ्या, असे आपण तरुणांना नेहमी सांगतो. पण प्रेरणा घेतली म्हणजे ती देणाऱ्याचे आपण काही देणे लागतो काय? लागत असू, तर ते कसे फेडावे?

जे. आर. डी. टाटा आणि सुधा मूर्ती यांची हकिकत पुष्कळांना ठाऊक असेल. १९७४ साली सुधा कुलकर्णी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकत होत्या. टेल्को कंपनीला अभियंते हवे होते. मात्र स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी ओळ जाहिरातीच्या तळाशी होती. त्यांनी थेट जे. आर. डीं.ना पोस्टकार्ड लिहून हा दोष त्यांच्या पदरात घातला. थोड्याच दिवसांत मुलाखतीची तार आली व पुण्याच्या कारखान्यात त्या रुजू झाल्या. १९८२ साली नोकरी सोडताना, यश मिळाल्यास समाजाचे समाजाला परत करा, असे जे. आर. डीं.नी त्यांना सांगितले. (हे सारे आपल्याला त्यांच्याच लेखनातून कळते.)

व्याख्यानांतून हा उपदेशच बहुधा रंगवला जातो. मला ती तार अधिक मोलाची वाटते. उपदेशाला मोठ्या माणसाचे काही खर्ची पडत नाही. एका अनोळखी विद्यार्थिनीने आपल्या घरचा दोष दाखवावा आणि समूहाच्या प्रमुखाने तो मनावर घ्यावा, हे दुर्मिळ.

उपदेशही पोकळ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. टाटा सन्सचे सुमारे दोन-तृतीयांश भाग धर्मादाय न्यासांच्या मालकीचे आहेत. नव्या करारातील ‘ओइकोनोमोस’ या ग्रीक शब्दासाठी आपल्या मराठी शास्त्रात ‘कारभारी’ हा शब्द आहे. कारभाऱ्याच्या हाती सर्व असते, मालकीचे काहीच नसते. इन्फोसिस फाउंडेशन १९९६ साली स्थापन झाले; जे. आर. डी. १९९३ मध्येच निवर्तले होते. परतफेड त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते, आणि त्यांनी ती स्वतःसाठी मागितलीही नव्हती.

तरीही एक काटा सलतो. जाहिरातीतील ती ओळ वाचून किती मुली मुकाट्याने परतल्या असतील? त्यांच्या हकिकती कोणी लिहिल्या नाहीत. मी राहतो त्या कोवलमहून केळंबाक्कममार्गे चेन्नईकडे जाताना शोलिंगनल्लूरला इन्फोसिसचे मोठे संकुल लागते. तेथील जाहिरातीत आज तशी ओळ नसते. पण कोवलमच्या किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या आईच्या मुलीला ते फाटक अजून दूरच आहे, आणि तिने पोस्टकार्ड लिहायचे झाले तर ते कोणाच्या नावे, हे मला सांगता येत नाही.