सरकारी शाळेत धर्मशिक्षण असावे काय?

मंडळ्यांस भेटी देत असता एका खेड्यातील बंधूंनी आम्हांस विचारिले, "पाळकसाहेब, आमच्या गावच्या शाळेत रोज सकाळी इतर देवांची स्तोत्रे म्हणवितात आणि आमची लेकरेही हात जोडून उभी राहतात. मग आपण अर्ज करून प्रभूची प्रार्थनाही तेथे का सुरू करवू नये?" प्रश्न कळवळ्याचा आहे, म्हणून त्याचा विचार शांतपणे केला पाहिजे.

प्रथम मागील इतिहास पाहू. १८५४ साली विलायतेहून शिक्षणाविषयीचा जो प्रसिद्ध खलिता आला, त्यात सरकारी शाळांतील शिक्षण धर्माविषयी तटस्थ असावे असे ठरले. मिशनच्या शाळांस मात्र, तेथील धर्मशिक्षणाकडे न पाहता, ग्रँट मिळण्याची वाट मोकळी झाली. १८५७ च्या उठावानंतर काही मिशनरी व ख्रिस्ती अंमलदार यांनी सरकारी शाळांतही पवित्र शास्त्र शिकवावे अशी खटपट केली. ती सिद्धीस गेली नाही. त्या काळी पुष्कळांस याचे दुःख झाले. आम्हांस आज त्यात देवाची दयाच दिसते. कारण सत्ता ज्यांच्या हाती, त्यांचा धर्म सर्वांच्या लेकरांस शिकवावा, हे तत्त्व एकदा मान्य केले म्हणजे पुढे ज्यांच्या हाती सत्ता येईल त्यांस कोणत्या तोंडाने नको म्हणावे?

१९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने हाच विचार पक्का केला. तिच्या २८ व्या कलमाप्रमाणे जी शाळा सर्वस्वी सरकारी पैशावर चालते तिच्यात धर्मशिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य अथवा ग्रँट घेणाऱ्या शाळेत कोणत्याही मुलास, त्याच्या पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. निरनिराळ्या धर्मांविषयी माहिती देणे ही गोष्ट वेगळी. तिला या कलमाची आडकाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. शेजाऱ्याचा धर्म काय हे मुलास कळावे हे चांगलेच. परंतु त्यास गुडघे टेकावयास लावणे हे शाळेचे काम नव्हे.

कोणी म्हणेल, धर्मावाचून नीती कशी टिकेल? ही शंका पोकळ नाही. तथापि विचार करा: ज्या मास्तरांचा प्रभूवर विश्वास नाही, त्यांनी पगारासाठी प्रभूची प्रार्थना म्हणवून घेतली, तर मुलाच्या मनात काय उतरेल? भक्ती हा पाढ्यांसारखा विषय होईल. खरे बोलणे, चोरी न करणे, दुबळ्यास न छळणे, हे तर मास्तरांनी शिकवावेच, आणि वागून दाखवावे.

दानीएलाचे उदाहरण घ्या. बाबेलच्या राजाने त्यास खास्द्यांची विद्या व भाषा शिकविली. ती शाळा परक्यांची होती. तिने त्यास यहोवाचे नाव शिकविले नाही. तरी राजाच्या अन्नाने विटाळावयाचे नाही, असा निश्चय त्या तरुणाने केला. तो निश्चय बाबेलच्या शाळेतला नव्हता, घरून आणलेला होता. तीमथ्याचाही बाप हेल्लेणी होता; विश्वास त्याच्या आजीपासून व आईपासून त्याच्यात आला.

येथे आम्हांस स्वतःलाही दोष दिला पाहिजे. आमच्या कित्येक मिशनशाळांत एके काळी शास्त्राचा तास सर्वांसच सक्तीचा असे. हिंदू व मुसलमान बापास लेकरू शिकवावयाचे होते, म्हणून तो मुकाट्याने सोशी. आज आपल्या लेकराचे हात बळेच जोडविले जातात तेव्हा जे आपल्या काळजास लागते, ते त्या बापासही लागले नसेल काय? लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, ही आपल्या प्रभूची आज्ञा आहे. ती पाळावयाची तर आपण जे शेजाऱ्यावर लादणार नाही, तेच आपल्यावर लादू नये असे म्हणण्याचा आपणांस अधिकार राहतो.

यास्तव त्या बंधूंस आमचे उत्तर असे आहे. प्रभूच्या प्रार्थनेसाठी अर्ज करू नका. हेडमास्तरांकडे जा, नम्रतेने बसा, आणि सांगा की आमचे लेकरू त्या वेळी आदराने स्तब्ध उभे राहील, परंतु त्यास स्तोत्र म्हणण्याची सक्ती करू नये. कायदा तुमच्या बाजूस आहे. भांडणाची गरज नाही.

मग घरी या व दिवा लागल्यावर लेकरांस जवळ घ्या. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात ही आज्ञा कोणा राजास नव्हे, आईबापांस दिली आहे. ज्या घरात संध्याकाळची प्रार्थना बंद पडली आहे, ज्या गावची शब्बाथशाळा पेरणीच्या दिवसांत मोडते ती सुगीपर्यंत भरत नाही, तेथे सरकारी शाळेस बोल लावून काय उपयोग? उपदेशक बंधूंनो, शाळा आमच्या लेकरांस वाचावयास शिकवीत आहे, याबद्दल आभार मानू. काय वाचावे व कोणापुढे गुडघे टेकावे, हे शिकविणे आपल्याकडे आहे.